पुसलेली कॅसेट

१

सकाळी साडेदहाला संगणक सुरू झाला आणि पावणेअकराला कळलं की कॅसेट कोरी आहे.

रेडिओनं तीन आठवडे त्या यंत्रापुढे मान मोडून काम केलं होतं. जुनी यंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. शाळेत असताना तोंड बंद ठेवता येत नसे म्हणून पडलेलं हे नाव पन्नाशीतही त्याला चिकटून राहिलं होतं. यंत्र म्हणजे कीबोर्डच्याच पोटात सगळं कोंबलेला घरगुती संगणक, टीव्हीला जोडायचा. चाळीस वर्षांपूर्वी असे दोन डबे शाळेला सरकारी योजनेतून मिळाले होते. तेव्हा त्यांच्यासाठी खास खोली सजली, जाड पडदे लागले, मुलांनी चपला बाहेर काढून आत यायचं आणि एका यंत्रापुढे चौघांनी बसून आळीपाळीनं एकेक बोट चालवायचं, असा थाट होता. पुढं नवी यंत्रं आली आणि हे डबे जिन्याखाली गेले. रेडिओनं झाकण उघडलं तेव्हा आतून झुरळांची अंडी, उंदराच्या लेंड्या आणि एक वाळलेली पाल निघाली होती. त्याला त्याचं काही वाटलं नाही, धंदाच तो. त्याला शिसारी यायची होती ती माणसांची, आणि तिला अजून काही तास अवकाश होता.

उद्या त्या संगणक खोलीची चाळिशी साजरी व्हायची होती. स्मरणिका छापून तयार होती, खोलीला संस्थेच्या अध्यक्षांचं नाव द्यायचं ठरलं होतं. कारण काय, तर ‘गाडी’. गणित बरोबर आलं की पडद्यावरची गाडी एक घर पुढं जाते, चुकलं की चाक पंक्चर होतं, असा तो प्रोग्राम. गावातल्या दोन पिढ्या त्याच्यावर पाढे शिकल्या. तो अध्यक्षांनी लिहिला असं स्मरणिका म्हणत होती.

रेडिओच्या शेजारी खुर्चीवर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई बसल्या होत्या. एके काळी त्याला गणित शिकवणाऱ्या. अध्यक्ष हे त्यांचे धाकटे दीर, आणि शाळेच्या मुख्याध्यापिका ही त्यांची पोटची लेक.

"मला दगडावर नाव नकोय रे," बाई म्हणाल्या. "प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत मी माझं नाव घातलंय. प्रोग्राम मधेच थांबवला आणि ओळी मागितल्या की दिसतं. तेवढं एकदा डोळ्यांनी बघू दे. लेक म्हणते, आई, तुला भास होतात, काकांनीच लिहिला तो. डॉक्टरांकडे पण नेऊन आली. मी आधी भांडायचे. आता मलाच कळेनासं झालंय. नाव दिसलं तर माझं डोकं ठिकाणावर आहे. नाही दिसलं तर ती म्हणते ते खरं मानते आणि गप्प बसते."

त्या काळी प्रोग्राम साध्या गाण्याच्या कॅसेटवर साठवत. टेपरेकॉर्डर वायरीनं संगणकाला जोडायचा, कॅसेट लावायची, की कर्कश किंकाळी ऐकू यायची, तीच संगणकाला कळणारी भाषा. बाईंनी ही एकच कॅसेट घरच्या कपाटात जपली होती आणि प्रदर्शनासाठी लेकीच्या हातात दिली होती. पंधरा दिवसांपूर्वी, यंत्र अजून मुकं होतं तेव्हा, रेडिओनं ती नुसती वाजवून पाहिली होती. किंकाळी ठणठणीत होती.

आज किंकाळी नव्हती. नुसती खरखर. पडद्यावरचा ठिपका वाट बघत लुकलुकत राहिला.

"म्हणजे काही नव्हतंच," बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडेच बघत बसल्या.

"होतं. मी माझ्या कानांनी ऐकलंय, बाई."

रेडिओनं कॅसेट बाहेर काढून उलटीसुलटी केली. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन चिमुकल्या चकत्या असतात. त्या तोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. बाईंनी त्या तेव्हाच तोडल्या होत्या. आता त्या दोन्ही भोकांवर सेलोटेपचे चकचकीत नवे तुकडे चिकटवलेले होते, म्हणजे पुन्हा भरायची वाट मोकळी.

२

कॅसेट हरवली असती तर बोंबाबोंब झाली असती. जुनी होऊन मेली म्हटलं की कुणी चौकशी करत नाही. ज्यानं केलं त्याला हे बरोबर कळत होतं, आणि तेवढ्यासाठी त्यानं एका म्हातारीचं चाळीस वर्षांपूर्वीचं काम पुसलं होतं. रेडिओनं कॅसेट खिशात घातली. त्यानं बाईंना तिथंच बसवलं आणि तो निघाला.

आधी गाठलं स्मरणिकेच्या संपादकांना. भाषेचे शिक्षक, ग्रंथालयात पुस्तकांच्या गठ्ठ्यात बसलेले. प्रत्येक पान उलटताना अंगठा जिभेला लावायचे, सबंध अंगठा. त्या पानांना हात लावायची रेडिओला इच्छा होईना.

"कॅसेट का? हो, फोटोसाठी घेतली होती. त्याच दिवशी मॅडमना परत केली." अंगठा पुन्हा जिभेवर. "मला त्या यंत्रांतलं ओ की ठो कळत नाही हो. मी आपला शुद्धलेखनाचा माणूस."

"छपाईआधीची मुद्रितं इथंच तपासता?"

"छे, घरी. इथं शांतता कुठली?" असं म्हणून त्यांनी समोरच्या निमंत्रणपत्रिकेवर बोट ठेवलं आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटू लागले. "सस्नेह निमंत्रण स्वल्पविराम आपली उपस्थिती…" रेडिओ उभा आहे हे ते विसरूनच गेले.

मुख्याध्यापिका मॅडम वऱ्हांड्यातच भेटल्या. प्रदर्शनाच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असायची. त्या शाळेत रेडिओच्या दोन वर्षं मागं होत्या, पण आता तो त्यांना अहोजाहो करायचा आणि त्यांनाही ते आवडायचं.

"जुनी टेप, गेली असेल," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आईला समजवा. तिचं हल्ली डोकं जागेवर नसतं. उद्या कार्यक्रमात तिनं तमाशा केला तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"सेलोटेप लावलीय मागं."

"कुणीतरी लावली असेल. इतक्या हातांतून फिरलीय." त्या रुमालानं बोटं पुसत होत्या. बोटांना कसला तरी कुबट, सडका वास येत होता. रेडिओनं नाक वळवलेलं त्यांनी पाहिलं. "काकांच्या माशांचं खाद्य. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, महिनाभर घरीच होते, आजच आलेत. तोवर त्या काचेच्या पेटीची चाकरी माझ्याकडे."

अध्यक्ष आपल्या केबिनमध्ये काळा चष्मा लावून बसले होते. मागं भिंतीइतकी काचेची पेटी, आत लाल मासे, हवेच्या नळीतून बुडबुडे.

"टेप खराब झाली तर झाली. प्रोग्राम माझा आहे, मी सांगतो ना. सबंध उन्हाळ्याची सुट्टी त्या यंत्रापुढं बसलो होतो. तो टेपरेकॉर्डर मला डोळे मिटून चालवता यायचा." त्यांनी कॅसेट हातात घेतली, इकडून तिकडून फिरवली आणि उलटी धरली. "वहिनी मदतीला असायची. चहाबिहा करायची."

बाईंच्या हातचा चहा रेडिओनंही घेतला होता. बाईंनी त्याला वर्गात चहा नाही, अपूर्णांक पाजले होते. तोंडातून शिवी निघायच्या आत तो बाहेर पडला.

शेवटी केबलमामा. संगणक खोलीचे त्या वेळचे शिपाई, आता निवृत्त, प्रदर्शनाच्या मांडामांडीला बोलावलेले.

"बाईंनीच लिहिला, सगळ्यांना ठाऊक आहे," मामा टेबल पुसत म्हणाले. "मी संपादकांना पण सांगितलं तसं. त्यांनी वहीत लिहूनही घेतलं. मग छापताना काय झालं ते देवाला ठाऊक."

"मामा, कॅसेट पुसायची तर कशी पुसायची?"

"सोपं आहे. काही न भरता रेकॉर्डचं बटण दाबून सोडून द्यायचं. पण आधी माइकच्या भोकात रिकामी पिन खुपसायची बरं का. नाहीतर टेपरेकॉर्डरच्या अंगचा माइक चालू राहतो आणि खोलीतलं सगळं टेपवर जातं. एका सरांनी अशीच विसरून कॅसेट पुसली. मग त्यांची ढेकर पाचवीच्या चार तुकड्यांनी ऐकली. तेव्हापासून बाईंचा हुकूमच होता, खोलीत पाय टाकणाऱ्याला आधी पिन शिकवायची."

रेडिओ जागच्या जागी थांबला. इतकी वर्षं टेपरेकॉर्डर उघडतोय आणि हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

३

कानावर जाड हेडफोन चढवून त्यानं कॅसेटची पहिली बाजू लावली आणि आवाज पूर्ण वाढवला. बाई समोर बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

खरखर. मग खरखरीच्या मागं काहीतरी. बुडूक, बुडूक, बुडूक. एकसारखं, न थांबता. कुठंतरी खुर्ची करकरली. शाळेची घंटा झाली, लांबून पोरांचा कालवा आला आणि विरला. आणि बुडूक, बुडूक.

"काय आहे?" बाईंनी विचारलं.

"माशांची पेटी," रेडिओ म्हणाला.

कॅसेट अध्यक्षांच्या केबिनमध्ये पुसली होती, शाळेच्या वेळात. त्याला वाटलं, सापडला. काळा चष्मा लावून बसलेला तो माणूस, वहिनीला चहावाली ठरवणारा. तो उठायला लागला आणि पुन्हा बसला. कारण हिशेब जुळत नव्हता. कॅसेट पंधरा दिवसांपूर्वी चांगली होती, आणि अध्यक्ष महिनाभर डोळ्याला पट्टी बांधून घरात होते.

त्यानं कॅसेट उलटी करून दुसरी बाजू लावली. इथं बुडबुड्यांच्या जोडीला एक पुटपुट होती. बारीक, नाकातली, एका सुरातली. रेडिओनं डोळे मिटून शब्द वेचले. पहिलं अख्खं वाक्य लागलं तसं त्यानं थांबायचं बटण दाबलं. पुढचं ऐकायची त्याला गरज वाटली नाही. ही त्याची चूक झाली, आणि पुढं कितीतरी दिवस ती त्याला खात राहिली.

"बाई," तो म्हणाला, "सगळ्यांना इथं बोलावतो. तुमच्यासमोरच होऊ दे."

४

चार वाजता संगणक खोलीत सगळे जमले. अध्यक्ष मधल्या खुर्चीवर, मॅडम खिडकीपाशी, संपादक दाराजवळ, मामा भिंतीला टेकून. बाई यंत्रापुढं.

"पाच मिनिटांत आटपा," अध्यक्ष म्हणाले. "उद्याची तयारी पडलीय."

"आटपतो. कॅसेट मेलेली नाही, मारलेली आहे. भोकांवर सेलोटेप लावून, रेकॉर्डचं बटण दाबून, दोन्ही बाजूंनी पुसलीय. आणि पुसताना पिन लावलेली नाही, त्यामुळं खोलीतले आवाज भरले गेलेत. ती खोली अध्यक्षांची केबिन आहे."

"म्हणजे मी?" अध्यक्षांनी चष्मा काढला. डोळा लालभडक होता.

"तुम्ही घरी होतात, हे एक. आणि दुसरं असं, की या खोलीत ज्यानं आठ दिवस जरी काम केलंय त्याला पिन ठाऊक असणार. बाईंना आहे. मामांना आहे. तुम्ही म्हणता सबंध सुट्टी बसलात, तेव्हा तुम्हालाही असायला हवी. आहे ना?"

अध्यक्ष चष्म्याची काच रुमालानं पुसायला लागले.

"सोपं विचारतो. माइकच्या भोकात पिन कशाला घालायची?"

"चाळीस वर्षं झाली आता. कोण लक्षात ठेवतो?"

"मी ठेवलंय," मामा भिंतीपासून म्हणाले. "मी तर शिपाई होतो."

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा चढवला. त्यांना लाज वाटली असं रेडिओला मुळीच दिसलं नाही. अडचण झाली एवढंच दिसलं.

"तेव्हा पुसणारा माणूस असा," तो पुढं म्हणाला, "ज्याच्या हातात कॅसेट आली होती, ज्याला रिकाम्या केबिनमध्ये बसता येत होतं, आणि जो या खोलीत कधी शिकला नाही. सेलोटेपची युक्ती गाणी भरणाऱ्या कुणालाही येते. पिन नाही येत. कॅसेट दोनच माणसांच्या हातात होती. त्यांतल्या एकाला काहीही वाचताना ओठ हलवायची सवय आहे, विरामचिन्हांसकट. बटण दाबल्यावर अर्धा तास नुसतं बसून राहायचं. मग त्यानं मुद्रितं काढली."

संपादकांचा अंगठा जिभेपर्यंत जाऊन तिथंच राहिला.

रेडिओनं बटण दाबलं. बुडूक, बुडूक, आणि त्यावरून ती नाकातली पुटपुट सगळ्या खोलीत पसरली. "…‘गाडी’ या लोकप्रिय प्रोग्रामच्या लेखिका स्वल्पविराम शाळेच्या तत्कालीन गणित शिक्षिका…"

मामा मोठ्यानं हसले. बाई हसल्या नाहीत. त्या पुढं वाकल्या होत्या.

"म्हणजे आधी माझंच नाव होतं?" त्यांनी विचारलं. "लिहिलं होतंत तुम्ही?"

"बाई, मी, माझा काही…" संपादकांनी मॅडमकडे पाहिलं.

"बंद करा ते," मॅडम खिडकीपासून म्हणाल्या. त्या एकदम पुढं आल्या. "कळलं सगळ्यांना. संपादकांवर काय कारवाई करायची ते मी बघते. बंद करा म्हणते ना."

रेडिओचा हात बटणाकडे गेला. बाईंनी तो मधेच धरला.

"असू दे," बाई म्हणाल्या. "वाजू दे."

टेपवर दार वाजलं. डबीतले दाणे खुळखुळले, पाण्यात पडले. मग दुसरा आवाज आला, स्वच्छ, ठसठशीत, रोज सकाळी प्रार्थनेला माइकवर ऐकू येणारा.

"हे काय, अजून आईचं नाव? ते काढा आणि काकांचं टाका."

"पण मॅडम, मामा म्हणतात की…"

"मामांनी मला सांगायची गरज नाही. मी तिच्या टेबलाखाली बसून पाढे म्हणायचे आणि वर ती हा प्रोग्राम टाइप करायची. सगळं आठवतंय मला. पण पुढच्या वर्षी संस्थेच्या मंडळावर जागा होतेय, आणि ती काका देणार आहेत. त्या टेपचं काय झालं?"

"पुसतोय ना. एक बाजू झाली."

"नीट पुसा. पहिल्या ओळीत नाव आहे तिचं."

"बाईंना काय सांगणार?"

"तिला काय, डोक्यावर परिणाम झालाय म्हणायचं. निम्मं पटलंच आहे तिला. दोन दिवस कुरकुरेल आणि गप्प बसेल."

पुन्हा दार वाजलं. पुटपुट सुरू झाली. "…प्रोग्रामचे जनक स्वल्पविराम आपले सर्वांचे लाडके अध्यक्ष…"

आता कुणीच हसलं नाही. रेडिओनं टेप थांबवली. चोर पकडायची त्याला हौस, आणि त्या हौसेपायी पूर्ण न ऐकता त्यानं हे एका आईच्या पुढ्यात वाजवलं होतं. आधी ऐकलं असतं तर निदान बाईंना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. त्याला खोलीतल्या प्रत्येकाची किळस आली, आणि स्वतःचीही थोडी आली.

५

पहिले बोलले अध्यक्ष. "हे बघा, घरातली गोष्ट आहे. बाहेर न्यायचं कारण नाही. स्मरणिकेत एक चिठ्ठी घालू, वहिनींचंही योगदान होतं म्हणून. वहिनी, काय म्हणता?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या लेकीकडे बघत होत्या.

"तुला आठवत होतं," त्या म्हणाल्या.

"आई, घरी बोलू आपण."

"दर रविवारी मी तुला सांगायचे, तू टेबलाखाली असायचीस, आठव. आणि तू माझा हात हातात घेऊन म्हणायचीस, आई, असं काही झालंच नव्हतं. डोळ्यांत पाणी आणून म्हणायचीस. डॉक्टरांपुढं पण म्हणालीस." बाईंचा आवाज चढला नव्हता. फळ्यावरचं गणित पायरीपायरीनं सोडवताना लागायचा तसाच होता. "त्यांनी मला आजचा वार विचारला, मी बरोबर सांगितला. तरी घरी आल्यावर मी रोज कॅलेंडर बघायला लागले, चुकतोय की काय म्हणून."

"मी तुझ्या भल्यासाठीच… तुला त्रास होऊ नये म्हणून…" मॅडमचं वाक्य तिथंच अडकलं. त्यांनी रुमाल तोंडाला लावला, पण डोळे कोरडे होते.

संपादक दारातून हळूच सटकत होते. मामांनी पाय आडवा घातला आणि म्हणाले, "बसा की, अजून पूर्णविराम कुठं आलाय?"

रेडिओनं कॅसेट काढून बाईंच्या पुढं ठेवली. "बाई, ही घ्या. हिच्यावर आता प्रोग्राम नाही, पण दोघांच्या तोंडचा कबुलीजबाब आहे. उद्या लोकांसमोर लावायची असली तर यंत्र मी लावून देतो. नसली तर नाही."

लेक, दीर, सगळे त्या कॅसेटकडे बघत राहिले. बाईंनी ती उचलून पिशवीत टाकली.

"उद्या लावणार," त्या म्हणाल्या. "पण प्रोग्रामपायी नाही. तो गेला, आणि पोरांना पाढे येऊन पोरं म्हातारी पण झाली. मी वेडी नाही, एवढं चार लोकांनी ऐकायला हवं." मग त्या लेकीकडे वळल्या. "मी ठीक आहे गं. माझं डोकं अगदी ठिकाणावर आहे. इतके महिने मला त्याचीच भीती वाटत होती."

त्यांनी हे असं काही म्हटलं की क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ आनंद दिसला, तपासणीचा निकाल चांगला आल्यावर दिसतो तसा. मॅडमना तो बघवला नाही. त्यांनी मान खाली घातली.

"आई, गाडी काढते. घरी चल."

बाई उठल्या. रेडिओनं हात पुढं केला, तो त्यांनी धरला.

"रेडिओ, तुझी ती खटारा व्हॅन आहे का खाली?"

"आहे, बाई."

"मला माझ्या धाकट्या बहिणीकडे सोड. स्टेशनच्या पलीकडे राहते." दारापाशी त्या थांबल्या आणि मागं न बघता लेकीला म्हणाल्या, "माझे कपडे उद्या सकाळी मामांच्या हाती पाठवून दे. कपाटाला कुलूप नाहीये."

जिना उतरताना त्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होत्या. रेडिओ एकेक पायरी पुढं उतरून त्यांना हात देत होता. व्हॅनमध्ये बसल्यावर बाईंनीच विचारलं, आज वार कुठला.

"गुरुवार," तो म्हणाला.

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं.